अठराशे नव्वदचा धूर

"आई, तू या बाकावर बस. विनीताला घोड्यांच्या ट्रॅममधून एक चक्कर मारून आणतो," त्र्यंबक म्हणाला.

नातीला घेऊन मुलगा गेला आणि शरयूताई बसल्या. साताऱ्याहून मुलाकडे अमेरिकेतल्या ट्रॉयला येऊन त्यांना पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून त्या बसूनच होत्या. भांडी मशीन घासायचं, कपडे मशीन वाळवायचं, उरलंसुरलं काम सून "राहू द्या आई" म्हणत हातातून काढून घ्यायची. आज रविवार, म्हणून मुलाने त्यांना अठराशे नव्वद सालचं अमेरिकन शहर दाखवायला आणलं होतं. एका म्युझियमने तेव्हाचे रस्ते, छापखाना, घरं, सगळं हुबेहूब उभं केलं होतं.

इतक्यात समोरच्या घरातून माणसं खोकत बाहेर पडली. शरयूताईंनी आत डोकावलं. लांब झगा घातलेली मार्था नावाची कॉलेजातली मुलगी लोखंडी चुलीशी झटत होती. लोकांना ती त्या काळचा स्वयंपाक करून दाखवणार होती, पण चूल नुसतीच धुमसत होती. पोरगी रडकुंडीला आली होती.

"अगं, आधी राख काढायची. सरक बघू," शरयूताई मराठीतच म्हणाल्या. मार्था सरकली.

त्यांनी राखेचा खण उपसला, लाकडं मोकळी रचली, टेबलावरचं वर्तमानपत्र चुरगाळून खाली सारलं आणि जोरात फुंकर घातली. चूल भडकली. धुराड्यातून काळाकुट्ट लोट वर निघाला. चौकात आगीच्या बंबाचं प्रात्यक्षिक तीन वाजता होतं. पण खराखुरा धूर दिसल्यावर बंबवाल्यांना कुठला धीर! घंटा बडवत, घोडे दौडवत ते दारात हजर झाले. मागे शंभरएक प्रेक्षक.

"डॅड! आजी स्टार्टेड अ फायर!" ट्रॅममधून विनीता किंचाळली.

त्र्यंबक धापा टाकत पोचला. आत शरयूताई मार्थाने भिजवलेल्या पिठाची धिरडी घालत होत्या आणि बंबवाले डोक्यावरचे टोप काढून रांगेत उभे होते. मागोमाग म्युझियमचा मॅनेजर आला.

"इथला अठराशे नव्वदचा पेपर कुठे गेला?" त्याने विचारलं. मार्थाने चुलीकडे बोट दाखवलं.

त्र्यंबकच्या तोंडचं पाणी पळालं. "आई! तू सव्वाशे वर्षांपूर्वीचा पेपर जाळलास?"

"मग चुलीत काय आजचा घालतात?"

मॅनेजरने हसत हात हलवला. तसले पन्नास पेपर त्यांच्या छापखान्यात रोज सकाळी निघायचे. त्याने एक धिरडं खाल्लं, दुसरं खाल्लं आणि विचारलं, "या दर रविवारी येतील का?"

"सॉरी, तिला इंग्लिश येत नाही," त्र्यंबक घाईने म्हणाला.

"मला कळतं त्या काय म्हणतात ते," मार्था म्हणाली.

मॅनेजरने फॉर्म पुढे केला. त्र्यंबक तो भरू लागला. एका रकान्याशी पेन थांबलं.

"आई, कामाचा अनुभव किती वर्षांचा, असं विचारलंय."

शरयूताईंनी धिरडं उलटलं.

"चाळीस लिही. गॅस आल्यानंतरची धरू नकोस."