बिनओझ्याची मोटर

पंख्याची असो की पंपाची, माझ्या हाताखालून गेलेली मोटर शहाण्यासारखी फिरते, असं माझी गिऱ्हाइकंच म्हणतात! म्हणून तर सासूबाईंना वरच्या मजल्यावर पोचवायचं मी छातीठोकपणे कबूल केलं. वर त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, खाली सासूबाईंचे गुडघे जिना बघूनच रडणारे. वर्षभर दोघी जिन्यातून ओरडून बोलत आणि ओरडूनच भांडत.

मी भंगारातून सामान वाहायच्या गाडीची डीसी सिरीज मोटर आणली. जिन्याला रूळ ठोकले, त्यांवर खुर्ची बसवली. आता मोटरीचा पट्टा खुर्चीच्या चरखीला जोडला की झालं. पण दुकानात मी प्रत्येक मोटर आधी मोकळीच फिरवून बघतो. त्यात ही मोटर म्हातारी. पहिल्याच दिवशी तिच्यावर ओझं कशाला? पट्टा न लावताच बटण दाबलं.

मोटर गुणगुणली. करंट दाखवणारा काटा खाली येऊ लागला.

"बघ, कशी निवांत होतेय," मी बायकोला म्हणालो. आजवर ऐकलेल्या प्रत्येक कीर्तनात ओझं उतरलं की जीव शांत झालेला! या मोटरीने कीर्तन ऐकलेलं नसावं. काटा जसजसा उतरे, तसतशी ती किंचाळू लागली आणि टेबलासकट थरथरत दाराकडे निघाली. वरून मावशी विचारत होत्या, विमान उतरलं का. मी काट्यावर नजर ठेवून बायकोला धीर देत होतो. तिने धीर न घेता वायरच उपटली.

घाम पुसताना डोक्यात उजेड पडला. या मोटरीत एकच करंट चुंबकालाही पोसतो आणि चाकही फिरवतो. ओझं नसलं की करंट कमी, चुंबक दुबळा आणि मोटर मोकाट. ओझं आलं की करंट वाढतो, जोर वाढतो, चाल मात्र गजाची.

हे सासूबाईंना चाचरत सांगितलं. आता त्या बसायच्या नाहीत, असं धरूनच चाललो होतो.

"म्हणजे हिलाही संसार हवा," त्या म्हणाल्या. "जोडा पट्टा. मी आहे ना ओझं."

आधी मी बसून एक फेरी मारली, मग त्या बसल्या. खुर्ची सावकाश चढली. वर दोघी बहिणींनी हात धरले आणि इतक्या हळू बोलल्या, की खाली एक शब्द आला नाही. माझे डोळे भरून आले.

तासाभराने विचारलं, आणू का खाली? उत्तर आलं, खुर्ची इथेच राहू दे, चहा तेवढा पाठवा.

आता जिना मीच चढतो, दोन कप घेऊन. आणि मावशींच्या कपात साखर कमी, म्हणून पुन्हा उतरतो.