घड्याळाला माझी नाडी लागेना

"मी आजवर कधी पडलेली नाही!" असं मी प्रणयला छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा माझा आवाज जरा चढलाच होता. म्हणजे समोरच्या माणसाला ऐकू गेला. एरवी मी इतकी हळू बोलते, की घरात माझं फक्त मांजर ऐकतं. तेही हातात दूध असेल तर!

प्रणय हा माझा मुलगा, पुण्याला असतो. रविवारी आला तो एक काळं चौकोनी घड्याळ घेऊनच.

"आई, माणूस पडलं की ह्याला कळतं. मग ते विचारतं, ठीक आहात का? आपण 'ठीक आहे' म्हणायचं. नाही बोललीस, तर आम्हा सगळ्यांना आपोआप फोन. नाडीसुद्धा बघतं!"

"मला कशाला रे? ह्यांना घाल."

"बाबा म्हणतात खाज सुटते."

हे म्हणजे कमळाकर. (लिहिताना नवऱ्याचं नाव घेतलं तर चालतं म्हणे.) कसाऱ्याला रेल्वेत होते. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयात स्टेंट टाकला. डॉक्टरांनी बजावलं, "चढ चढायचा नाही, धक्का बसेल असं काही कानावर घालायचं नाही." तेव्हापासून माझ्याच छातीत धडधड! भांडं पडलं तरी मी आधी ह्यांच्याकडे बघायची.

शेवटी मी टेकडीवरच्या गावदेवीला नवस बोलले. एकवीस दिवस रोज सकाळी देवळाभोवती दंडवताची एक फेरी. आंघोळ झाली की तोंड बंद, ते ह्यांच्या कपाळाला अंगारा लागेपर्यंत. मध्ये अक्षर निघालं, तर पुन्हा पहिल्यापासून! वीस दिवस निर्विघ्न पार पडले. सोमवारी शेवटचा दिवस. प्रणय रात्रीच पुण्याला परतला होता, पण लेकाचा मान म्हणून घड्याळ मनगटाला बांधलं आणि साठ पायऱ्या चढून गेले.

दंडवत म्हणजे जमिनीवर सपशेल आडवं व्हायचं, बोटं पोचतील तिथे रेघ मारायची, उठून त्या रेघेवर उभं राहायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं!

पहिल्याच दंडवताला मनगट थरथरलं आणि एक बाई हिंदीत म्हणाली, "क्या आप ठीक हैं?"

मला वाटलं, मागे कुणी परगावची बाई उभी आहे. मान वळवून बघते तर कुणी नाही! मग कळलं, घड्याळ! आता बोलायचं कसं? मी त्याच्याकडे बघून ठीक असल्याची मान डोलावली. घड्याळाला काय त्याचं!

दुसरा दंडवत. "क्या आप ठीक हैं?" तिसरा. "क्या आप ठीक हैं?" चौथ्याला तिचा आवाज मला रडवेला वाटायला लागला.

चष्मा घरी राहिलेला. काचेवर एक तांबडा ठिपका दिसत होता, एक हिरवा. तांबडं म्हणजे थांबवायचं, एवढं रेल्वेवाल्याच्या बायकोला कळणार नाही? दाबलं तांबडं! ते मदत मागायचं निघालं. घड्याळ बोंबलायला लागलं. मी ते घाईघाईने मनगटावरून काढलं, कट्ट्यावर ठेवलं आणि हात जोडून उरलेली फेरी पुरी केली. पदरात अंगारा बांधला. आता फक्त घरी जाऊन ह्यांच्या कपाळाला लावायचा.

तोच कट्ट्यावरून हंबरडा आला.

"वहिनी गोऽऽ! गेलीस गोऽऽ!"

मुरबाडची माझी नणंद, चंद्राबाई! घड्याळात! तिचा फोन त्याने आपला आपणच उचलला होता.

"प्रणयचा फोन आला गो! चार वेळा पडलीस, आन् आता नाडीच लागत नाय म्हनं! अशी कशी गेलीस? माझी जांभळी पैठणी नेलीस ती पन दिली नायस गोऽऽ!"

स्वतःच्या नावाचं रडणं ऐकायची वेळ देवाने कुणावर आणू नये. क्षणभर मी स्वतःचीच नाडी चाचपून बघितली. होती! जरा जास्तच होती!

आणि मग डोक्यात वीज चमकली. प्रणयने चंद्राबाईंना फोन केला, म्हणजे ह्यांनाही केला असणार!

मी धावत पायऱ्यांपाशी गेले. खाली हे! एका हातात चप्पल, एका हातात फोन, बनियनवरच चढायला लागलेले!

मी दोन्ही हात हलवले. थांबा, चढू नका!

"शकू, धीर धर! मी आलो!" ते ओरडले आणि दोन-दोन पायऱ्या घ्यायला लागले.

मी आणखी जोरात हात हलवले. ते आणखी जोरात चढले. माझा अंबाडा सुटला, केस तोंडावर आले. बोलावं, तर त्यांच्या काळजासाठी धरलेलं व्रत शेवटच्या घटकेला मोडणार. न बोलावं, तर ते काळीजच...

एवढ्यात देवळाच्या मागून अंबूबाई आल्या. त्या रोज देऊळ झाडतात. माझे मोकळे केस, घुमणारे हात आणि मिटलेलं तोंड बघून त्यांच्या हातातला खराटा गळाला.

"आये! शकूच्या अंगात आलीस!" असं म्हणून त्यांनी मूठभर कुंकू माझ्या कपाळावर थापलं. "आये, माझी म्हस हरवलीय चार दिस झालं. खंय हाय ती?"

मी कळवळून खाली ह्यांच्याकडे बोट दाखवलं. ह्यांना थांबवा!

"वढ्याकडं! वढ्याकडं हाय!" अंबूबाईंनी पायांवर लोळण घेतली.

खालून ह्यांनी माझं लाल कपाळ बघितलं.

"रक्त! डोकं फुटलंय हिचं! शकू, आडवी हो!" आणि साठीतला तो माणूस अक्षरशः पळायला लागला. हात छातीवर!

त्या हाताने माझं मौन संपवलं. देवीकडे पाठ होती माझी, तिची माफीही मागायचं सुचलं नाही.

"बसा खालीऽऽ! मी धड आहेऽऽ!"

हा आवाज माझा? समोरच्या डोंगरावर आपटून परत आला! वडावरची वटवाघळं उडाली. हे चाळिसाव्या पायरीवर फतकल मारून बसले.

मी धावत सुटले आणि तिसऱ्याच पायरीवर पाय मुरगळून खरोखर पडले. दाणकन! आणि घड्याळ? ते अंबूबाईंनी देवीचा प्रसाद म्हणून स्वतःच्या हातात चढवलं होतं. त्याला दणदणीत नाडी लागली आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप गेला, "प्रकृती उत्तम आहे."

"अगो बया, उठून बसली!" चंद्राबाई घड्याळातून किंचाळल्या.

मी लंगडत ह्यांच्यापाशी पोचले. "दुखतंय का हो? छातीत?"

"खिशातल्या गोळ्या बघत होतो," ते म्हणाले. मग खाली बघितलं. बनियनला खिसा नव्हता. "शकू, तू ओरडलीस? एवढा आवाज होता तुझ्याकडे? मग बत्तीस वर्षं मी 'काय? काय?' का करत बसलो?"

मला रडूच फुटलं. "एकविसावा दिवस होता हो. मोडलं माझ्याकडून."

शहापूरच्या डॉक्टरांनी माझा पाय बांधला आणि ह्यांना सगळं लावून तपासलं.

"एका दमात चाळीस पायऱ्या? छान! रोज चढत जा, सावकाश."

"पण चढायचं नाही म्हणाला होतात ना?" मी विचारलं.

"अहो बाई, ते पहिल्या महिन्यापुरतं! तेव्हाच म्हणालो होतो की!"

बहुतेक तेव्हा मी डोळे मिटून जप करत होते.

नवस मात्र राहिला. मला महिनाभर पाय टेकवायला बंदी. तेव्हा हेच म्हणाले, "माझं काळीज, मीच फेडतो. दंडवत मी घालीन, आणि अंगारा तुझ्या कपाळाला लावीपर्यंत गप्प राहीन. त्यात काय अवघड आहे?"

ह्यांना वाटेत माणसं भेटतात. एकाला पाऊसपाणी विचारतात, दुसऱ्याला लोकलचा टाइम सांगतात. काल तर अंबूबाईंच्या म्हशीलाच 'सापडलीस का गो, वढ्याकडं?' म्हणून विचारलं! घरी येतात ते खाली मान घालूनच.

आज नऊ दिवस झाले. त्यांचा अजून पहिला दिवसच चालू आहे!