रणगाड्याचं फिटिंग

"त्यात काय एवढं? खांद्यात तंग आहे आणि कमरेत चुकलाय. मला द्या, रविवारपर्यंत फिटिंग करून देतो," मास्तर म्हणाले आणि जेवणाच्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा रणगाडा त्यांनी असा उचलला, जणू कुणाची पँट उंचीला कमी करायला आली आहे.

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध गणवेशापुरता.

रणगाडा मास्तरांच्या सासऱ्यांचा. म्हणजे खरा सैन्याचा, पण उमेदीची सगळी वर्षं तो चालवला सासऱ्यांनी. हा वीतभर लांबीचा. मेहुण्याने गाशा गुंडाळत असलेल्या एका खेळण्यांच्या दुकानातून जुनाट खोकं उचललं, सुटे भाग चिकटवले आणि तयार रणगाडा वाढदिवसाला वडिलांच्या हातात ठेवला. सासऱ्यांनी तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "छान आहे. कुणाचा आहे?"

"तुमचाच, बाबा."

"आमचा नव्हे. दोन्हीकडे एकेक चाक कमी. वरचा घुमट बसका. आणि अंगाने बघ, महिनाभर उपास घडल्यासारखा."

एरवी विषय तिथेच मिटला असता. पण रविवारी गनरकाका येणार होते. सासरे गाडी हाकायचे तेव्हा त्याच रणगाड्यात बसून तोफ चालवणारे ते हे गनरकाका. कित्येक वर्षांनी भेट होणार, आणि त्यांच्यापुढे मधोमध ठेवायला काहीतरी असावं, असं सासऱ्यांना मनापासून वाटत होतं. ते तसं म्हणाले नाहीत. फक्त दिवाणखान्यातलं टेबल दोनदा पुसलं.

मास्तरांनी हे बरोबर हेरलं. कारण त्यांचंही एक जुनं दुखणं होतं. मास्तरांच्या फिटिंगवर सगळी पेठ खूश होती. पोट सुटलेली माणसं त्यांच्याकडून कोट घालून निघाली की मागून वकील वाटत. पण सासऱ्यांनी जावयाला एकदाही अंगाला टेप लावू दिली नव्हती. ते तयार कपडे घेत. "जावईबापू, सैन्यात माप एकच असतं," ते म्हणत. "त्यात आपण बसायचं." या एका वाक्याने मास्तरांचा उभा धंदा आडवा होत असे.

तर आता संधी आली होती. अंगाला नाही तर नाही, रणगाड्याला तरी.

बागेपुढच्या चौकात चौथऱ्यावर तसाच एक निवृत्त रणगाडा उभा होता. मास्तर बायकोला घेऊन भर सकाळी तिथे गेले. बायको दुकानात काजं-बटणं करते. टेपचं दुसरं टोक धरण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. मास्तरांनी रणगाड्याला आधी जरा लांबून न्याहाळलं, मग गळ्यातली टेप काढली.

"खांदा घे. आता छाती. आता गळा."

"याला गळा कुठंय?"

"घुमट बसतो तिथे. धर नीट, ढिली सोडू नकोस."

बागेचा रखवालदार काठी टेकत आला. "काय चाललंय?"

"मापं घेतोय," मास्तर म्हणाले.

"कुणाची?"

"याची. तंग होतंय याला."

रखवालदाराने रणगाड्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं, मग मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. घरोघरी असं काहीतरी असतंच, अशा समजुतीने ती हसली. "लवकर आटपा," तो हळू आवाजात म्हणाला आणि जाताना काठी काखेत मारून घेऊन गेला. आजाऱ्यापुढे आवाज करू नये, तसा.

छोट्या रणगाड्याचं माप खऱ्याच्या पस्तिसावा हिस्सा. बायकोने भागाकार करून दिले आणि मास्तर बसले.

आणि इथे मात्र हात जोडावेत. मेहुण्याने चिकटवलेला रणगाडा त्यांनी ब्लेडने सांध्या-सांध्यातून असा उसवला, की एक टवका उडाला नाही. शर्टाच्या कॉलरमध्ये घालतात त्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या जोडून त्यांनी अंगं रुंद केली. कमी पडलेल्या चाकांच्या जागी ओव्हरकोटाची बटणं बसवली. इतकी चपखल, की जुनी चाकंच नकली दिसू लागली. दोर अडकवायच्या कड्या म्हणून पँटचे हूक. चाकांवरचा पट्टा म्हणून जाड जाकिटाची पितळी चेन, दात बाहेर करून. खडूने खूण, कात्रीने काप, तोंडात टाचण्या. गिऱ्हाईक आलं की मास्तर बोटानेच बाक दाखवत. एका नवरदेवाचा सूट त्या आठवड्यात हँगरवर लोंबकळत राहिला, आणि नवरदेव स्वतः बाकावर बसून पट्टा कसा फिरतो ते बघत राहिला.

फक्त एक व्हायचं. अंग बसवलं, तर घुमट लहान दिसला. घुमट वाढवला, तर तोफ काडीसारखी दिसली. तोफ काढून विणकामाची जाड सुई लावली, तर अंग आखूड दिसलं. अंग लांबवलं, तर चेन पुरेना. दुसरं जाकीट उसवावं लागलं.

रविवारी सकाळी, करड्या-हिरव्या रंगात, रणगाडा सासऱ्यांच्या टेबलावर उभा राहिला. देखणा होता. पण का कोण जाणे, खातापिता दिसत होता. सासरे आत कपडे बदलत होते. मास्तरांच्या बायकोने बराच वेळ मान तिरकी करून पाहिलं आणि दुकानातली टेप लावली.

"अहो, भागाकार करून मी दिलं त्यापेक्षा हा अर्धा इंच जास्त आहे. चारी बाजूंनी."

"असणारच. ढिलाई सोडलीय."

"कसली ढिलाई?"

"अंगाच्या मापाला चिकटून शिवलं तर माणूस आत बसणार कसा? नेहमीची अर्धा इंच. मी काय आज शिवतोय?"

"यात कुणी बसायचं नाहीये."

मास्तरांनी टेप तिच्या हातातून घेऊन स्वतः लावली. अर्धा इंचच होता. यातला अर्धा इंच म्हणजे खऱ्यातला जवळजवळ दीड फूट, हा हिशोब त्यांच्या डोळ्यांपुढून पट्ट्यासारखा फिरला. उसवावं म्हणून त्यांनी ब्लेड शोधायला खिशात हात घातला, तोच दार वाजलं. गनरकाका आले आणि आतून सासरेही आले.

दोघे म्हातारे टेबलापाशी उभे राहिले. गनरकाका वाकले. बोटाने चाक फिरवलं. चेन झुळझुळ फिरली.

"बटण आहे का रे हे?"

"ओव्हरकोटाचं," मास्तर पुटपुटले.

"वा. वा वा. कड्या बघ, हवालदार. हुबेहूब," ते सासऱ्यांना जुन्या हुद्द्याने हाक मारत म्हणाले.

सासरे मात्र जवळ सरकले. त्यांनी रणगाडा उचलला, समोरून पाहिला. चालकाच्या झाकणाशी बोट नेलं आणि तिथेच ठेवलं.

"जावईबापू, अंगाला जास्त आहे हा."

"हो, बाबा. माझं चुकलं. सवयीने ढिलाई सोडली गेली. अर्धा इंच."

"म्हणजे खऱ्यात?"

"दीड फूट."

सासऱ्यांनी डोळे मिटले. दोन्ही कोपर हळूच बाहेर काढले, जसं कुणी नव्या कोटात काढून बघतं. मग उजवा पाय थोडा लांब केला. तो कशालाही धडकला नाही.

"हे दीड फूट तेव्हा असते," ते म्हणाले, "तर माझे गुडघे आज शाबूत असते. चुकीचा हा नाही. चुकीचा तो होता."

मास्तरांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या सासऱ्यांना सैल केलं होतं.

"थांब, थांब," गनरकाका चष्मा पुसत म्हणाले. "ही जागा सगळी तुझ्याच बाजूला दिसतेय. मी बसू कुठे? मास्तर, माझ्याकडे पाव इंच सरकवता येईल का?"

"एक दोरा हलवायचा नाही," सासरे म्हणाले. "हा पूर्वीपासून कोपर पसरतो."

"तू गुडघे पसरतोस ते?"

"मी चालवत होतो!"

"आणि मी काय ऊन खात होतो?"

मास्तरांनी दोघांच्या मध्ये हात घातला. असे प्रसंग त्यांनी दुकानात पुष्कळ निभावले होते. त्यांनी रणगाडा काढून घेतला, घुमटाखाली खडूची एक रेघ मारली आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "दोघांचंही बसवतो. मंगळवारी ट्रायलला या."

"मंगळवारी नक्की?" सासऱ्यांनी विचारलं.

"अगदी नक्की."

"म्हणजे पुढच्या शुक्रवारी, बाबा," मास्तरांची बायको म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.