अधांतरी दगड भूमीस आणिल्याची हकीकत

सृष्टीचा न्याय ऐसा जे, वर भिरकाविले ते खाली यावे. परंतु कोणती दिशा धन मानावी याचा एक निश्चय न करिता जो हिशेब मांडतो, त्याचे प्रामाणिक कष्टही व्यर्थ जातात. ते कष्ट भिंगरी नामे कन्येच्या वाट्यास आले, ते ऐसे.

तिसऱ्या मजल्यावरील ही कन्या पदार्थविज्ञानात एकवार शिकस्त पावली होती. उदईक फेरपरीक्षा, तेथेही पराभव जाहल्यास विज्ञानशाखेचा मुलूख सोडणे प्राप्त. मग तीर्थरूप, पेशाने लिफ्टदुरुस्तीवाले, जातीने कुमकेस आले. गनीम ऐसा: चाळीस मीटर उंच बुरुजावरोन दगड दहा मीटर दर सेकंद वेगाने सरळ वर फेकिला, तो भूमीस केव्हा येईल? भिंगरीने वरची दिशा धन मानोन वेग आणि उंची मांडिली. आणि तीर्थरूपांनी खालची धन मानोन गुरुत्वाकर्षण मांडिले, कारण लिफ्टचे माप माथ्यापासोन खाली धरणे हा त्यांचा नित्य रिवाज. मग वर्गमुळाखाली ऋण संख्या दत्त म्हणोन उभी राहिली, कागद फाटले, रबर झिजले, चहा निवाला, आणि दगड अधांतरीच.

“बाबा, उद्यापर्यंत पडेल ना हा?”

“कसला पडतोय. संपावर गेलाय.”

इतक्यात मातोश्री बाजाराहून येऊन कुलूपबंद फाटकाशी उभ्या ठाकल्या. किल्ली गॅलरीतून फेकावी, हा त्या घरचा शिरस्ता. भिंगरी किल्ली घेऊन सज्ज जाहली, आणि तीर्थरूपांचा हुकूम सुटला की, पुढे सरावे. मातोश्री सरल्या, तो भिंतीस टेकल्या. पुन्हा हुकूम, पुढे. मग खालोन जाब आला:

“अहो, तुमचं पुढे की माझं पुढे? आपल्या दोघांचं मिळून एकच काय ते ठरवा.”

हे शब्द कानी पडताच भिंगरी किल्लीसह माघारी धावली, आणि कागदावर वर तोंड केलेला बाण काढोन त्यापुढे धनचिन्ह दिले, आणि तीर्थरूपांच्या गुरुत्वाकर्षणास ऋणचिन्ह चढविले. दगड चौथ्या सेकंदास निमूट भूमीस आला. फेकण्याआधीच पडलो म्हणणारे दुसरे उत्तरही हजर जाहले. त्यास फितूर जाणोन हाकलोन दिले. दगडाचा संप मिटला ऐसा पुकारा पितापुत्री हर्षभरित होऊन करीत असता खालोन पुसणे आले की, किल्लीही संपावर आहे काय. तेव्हा तीर्थरूप किल्ली घेऊन स्वयें जिने उतरोन तह करिते जाहले.

फेरपरीक्षेत बुरुज दुसरा, दगड दुसरा. भिंगरीने आधी बाण काढिला, मग लेखणी चालविली, आणि फत्ते जाहली. विज्ञानशाखा राखिली.

त्या घरास ईश्वर एकचित्त राखो, कन्येचा बाण उंच राहो, आणि मातोश्रींस किल्ली वेळेवर मिळो.