साहेबांचं पिवळं चित्र

"हे साहेब होय का पिकलेला आंबा?" टॅबवरचं चित्र पाहून सुरुचीने कपाळाला हात लावला. "थोडा गुलाबी टाका ना जी!"

मुकुंद दुखावला. ऑनलाइन वर्गात रंगशास्त्र शिकायला लागल्यापासून त्याला बायकोच्या साड्यांची रंगसंगतीही चुकलेली दिसे, आणि तो ते बोलूनही दाखवी. मनातला रंग विसरा, समोर दिसतो तो उचला, हे सरांचं वाक्य त्याने घोटून ठेवलं होतं. म्हणून त्याने ऑफिसातल्या देवघरे साहेबांचा फोटो खिडकीच्या उजेडात काढला, शेजारी कोरा कागद धरून. फोटोत कागद पांढराशुभ्र आला, म्हणजे बाकीचे रंगही खरेच. मग गालाचा रंग फोटोतून उचलला, डोळ्यांतल्या पांढऱ्याचाही तिथूनच.

"शास्त्र हाये हे. तुले नाही समजायचं," तो म्हणाला.

चित्रामागे बिचाऱ्याचा मोठा बेत होता. नागपूरहून मौद्याच्या ऑफिसात रोज मोटारसायकल हाणून त्याची कंबर कामातून गेली होती. नागपूरला बदली मिळावी म्हणून केलेला अर्ज साहेबांच्या टेबलावर लोळत होता. वाढदिवसाला चित्र छापून, मढवून द्यायचं आणि केक खाता खाता सही घ्यायची!

वाढदिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर हौसेने वेष्टन फाडलं. चौकटीत साहेब पिवळेजर्द बसले होते, बुबुळांभोवतीसुद्धा पिवळे.

"अगं बाई, साहेबाले हळद लावली का?" अकाउंट्समधली प्रणाली पुटपुटली. कुणाला तरी केकचा ठसका लागला.

"मुकुंदराव, मी असा दिसतो?"

"सर, दिसलं तेच काढलं..."

"मंग तुमचे डोळे खराब हायेत का नियत?"

साहेबांनी बदलीचा अर्ज ड्रॉवरमध्ये कोंबला आणि ड्रॉवर धाडकन लावला.

रागारागाने साहेब ते चित्र घरी घेऊन गेले, बायकोला दाखवायला. सिंधूताईंनी अंगणातल्या उन्हात चित्र पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं आणि किंचाळल्या. दोन्ही चेहरे एकाच रंगाचे होते. रोज बघणाऱ्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात बातमी आली: साहेबांना कावीळ, दवाखान्यात दाखल. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून सगळ्यांत जास्त हादरला तो खुद्द मुकुंद. वर्गातल्या सरांच्या शास्त्रात आजाराचा धडा कुठेच नव्हता!

बरे होऊन आल्या आल्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मुकुंदराव, तुमच्यामुळे जिवंत हावो मी."

मुकुंदने हळूच पेन पुढे केलं. "सर, तो बदलीचा अर्ज..."

साहेबांनी ड्रॉवरमधून अर्ज काढला. मुकुंदने पेनाचं टोपण काढलं. साहेबांनी अर्ज टराटरा फाडला.

"बदली? पागल झाले का? माझ्या तोंडाकडे नीट पाहणारा एकच माणूस हाये या ऑफिसात! मी आहे तवरी तुम्ही कुठं जात नाही. रोज सकाळी आल्याबरोबर इथं खिडकीपाशी माझा रंग पाहायचा. आणि रविवारी घरी येत जा. सिंधूचाही पाहायचा हाये."