एकटीने चालण्याची परीक्षा

स्वावलंबन ही माणसाच्या अंगी आपोआप येणारी गोष्ट नाही. ते वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, शक्यतो त्यांचा हात धरूनच शिकावे लागते. हे सत्य जगाला केव्हा कळेल ते कळो, आमच्या जालन्याला फार पूर्वीच कळलेले आहे. म्हणून मुलींच्या शाळेतल्या उषाबाईंनी मिडल स्कूलच्या मुलींचे स्वावलंबन पथक काढले, त्याच आठवड्यात त्यावर लक्ष ठेवायला आम्ही एक समिती नेमली. अध्यक्ष काकासाहेब, खजिनदार मूलचंद शेठ आणि चिटणीस प्रस्तुत लेखक. (खजिना नव्हता. पण खजिनदार नसलेली समिती बरी दिसत नाही.)

उषाबाई हे काम बिनपगारी करत. माणूस फुकट राबतो म्हणजे तो मनापासून राबत असावा, असा समितीला पहिल्यापासून संशय होता.

पथकाची प्रगती थक्क करणारी होती. मुली चूल पेटवायला शिकल्या. काडेपेटी अर्थातच काकासाहेबांच्या खिशात असे. मुली दोराच्या गाठी मारायला शिकल्या. दोराचे दुसरे टोक कोणा ना कोणाचा मामा धरून उभा असे. पोहण्याचा वर्ग शाळेच्या ओसरीवर झाला आणि त्यात एकही मुलगी बुडाली नाही. तीर्थपुरीजवळ मुक्काम झाला तेव्हा तंबूत मुली, तंबूभोवती आया, आयांभोवती बाप आणि सर्वांभोवती समिती अशी रचना होती. मुलींना आकाशातले तारे ओळखायचे होते, पण मधे फार माणसे आली.

हे सगळे सुरळीत चालले असताना उषाबाईंनी शेवटची परीक्षा जाहीर केली. मुलीने घरून एकटीने निघायचे, कुंडलिका नदीचा पूल ओलांडायचा, पलीकडे स्टेशनवर जायचे, तिकीटबाबूला मनमाडची गाडी वेळेवर आहे का ते विचारायचे आणि परत यायचे. पास होईल तिला निळी फीत.

पहिला नंबर बद्रीनाथ पाटलांच्या द्वारकेचा होता. तिला फितीचे फारसे अप्रूप नव्हते. मिडलचे पुढचे वर्ग त्या वर्षापासून पुलापलीकडच्या इमारतीत जाणार होते आणि बद्रीनाथांनी सांगून टाकले होते, "रोज तिच्यासंगं जायला घरात मानूस न्हाई. एकटी जाऊन दाखवंल तर शाळा. न्हाईतर बास झालं शिक्षन." द्वारका वर्गात पहिली येत असे. तिने चपलेचा तुटका अंगठा स्वतःच शिवून घेतला.

परीक्षा शुक्रवारी, म्हणजे निझामी राज्यातल्या शाळांच्या सुट्टीच्या दिवशी ठरली. आदल्या दिवशी समितीच्या बैठकीत सर्वांनी शपथा घेतल्या की कोणीही मागे जाणार नाही. मुलीचा बाप म्हणून बद्रीनाथांनाही बोलावले होते; त्यांनी शपथ दोनदा घेतली.

सकाळी द्वारका निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत ती खरोखर एकटी होती, हे मी चिटणीस या नात्याने प्रमाणित करतो. वळणावर सरकीच्या गाडीआडून बद्रीनाथ निघाले. त्यांच्या मागे डबा घेऊन नंदाबाई, म्हणजे द्वारकेची आई. पोरगी उपाशी गेली होती. नंदाबाईंच्या मागे मामा कचरू, बहिणीला एकटीला कसे सोडायचे म्हणून. मूलचंद शेठ स्वतः आले नाहीत असे सांगायला स्वतः आले. काकासाहेब पडदा लावलेल्या टांग्यात होते. आणि शपथ कोण कोण मोडते याची नोंद घ्यायला मी होतो. प्रत्येकाला वाटत होते की आपण एकटेच आहोत.

इतकी माणसे एका दिशेने गुपचूप चालली की जालन्यात आणखी माणसे त्यांना मिळतात. कुठे चाललात हे विचारायचे असते, पण चालता चालता. बाजारातून एक हलगीवाला जात होता. त्याला कोणी सांगितले नव्हते, पण पुढे पोरगी आणि मागे गर्दी पाहून त्याचा हात थांबेना. पुलाशी पोचेपर्यंत आमचे पाठीमागून लपत जाणे चांगलेच वाजतगाजत चालले होते.

पुलावर पोलिसांचा जमादार उभा होता. निझाम सरकारच्या राज्यात परवान्याशिवाय जमाव करायला बंदी, हे लहान मुलाला ठाऊक असते. आम्ही लहान नव्हतो.

"जुलूस किसका है? परवाना?" त्याने विचारले.

"जुलूस न्हाई साहेब," बद्रीनाथ पुढे झाले. "पोरगी एकटी चालली."

जमादाराने एकट्या पोरीच्या मागे पार बाजारापर्यंत नजर टाकली.

"आनि मी कुठं मागं येऊन राह्यलो?" बद्रीनाथ म्हणाले. "मी सरकी बघायला निघाल्तो."

"आमी तर हवा खायला," मूलचंद शेठ म्हणाले. टांग्याचा पडदा आतून कोणी तरी घट्ट ओढून घेतला.

जमादार द्वारकेकडे वळला. "बेटी, ये लोग तुम्हारे साथ हैं?"

तिने तेव्हा पहिल्यांदा मागे वळून पाहिले. आई, बाप, मामा, समिती, हलगी. तिचे डोळे भरून आले. हो म्हटले तर परीक्षा संपली, शाळाही संपली. खरे सांगतो, त्या वेळी मला स्वतःची लाज वाटली. (ही भावना बैठकीच्या वृत्तांतात घेतलेली नाही.)

"न्हाई," ती म्हणाली. "मी एकटीच हाये."

मग तिला जाऊ दिले आणि आम्हाला पुलाजवळच्या चौकीत बसवले.

चौकीत फार वेळ गेला. नंदाबाईंचा डबा जमादाराने खाल्ला. बद्रीनाथ दर थोड्या वेळाने उठत आणि शिपाई त्यांना बसवी. "आता तिच्या मागं कोनीच न्हाई हो," ते मला म्हणाले, आणि माझा हात त्यांनी घट्ट धरला.

अखेर दारात द्वारका उभी राहिली. "मनमाडची गाडी उशिरा हाये," ती म्हणाली. "बाबूला मी दोनदा इच्यारलं."

जमादार म्हणाला, सोडतो, पण या लोकांना घरापर्यंत सांभाळून कोण नेणार? कोणी जिम्मेदार माणूस आहे का? पुढेही हे लोक पूल ओलांडतील तर जिम्मेदार माणसाबरोबरच.

"मी न्हेते," द्वारका म्हणाली.

उषाबाईंनी शिकवल्याप्रमाणे तिने आमच्या जोड्या लावल्या, डोकी मोजली आणि चौकात म्हणाली, "हात धरा. जल्दी करू नका." काकासाहेब आणि मूलचंद शेठ एकमेकांचे हात धरून चालले. हलगीवाल्याला तिने वाजवू दिले नाही.

संध्याकाळी समितीने निकाल दिला. द्वारका जाताना एकटी होती, परंतु येताना तिच्याबरोबर बराच मोठा जमाव होता, सबब नापास. उषाबाई एवढ्या मोठ्याने हसल्या की समितीला बैठक आवरती घ्यावी लागली.

पण बद्रीनाथांचा कापसाचा सगळा व्यवहार पुलापलीकडे. मूलचंद शेठांची आडत पुलापलीकडे. आणि जमादार शब्दाचा पक्का. त्यामुळे द्वारका आता रोज सकाळी दप्तर घेऊन निघते, मागे आम्ही जोड्यांनी. पूल ओलांडला की आम्हाला ज्याच्या त्याच्या कामाला लावते आणि शाळेत जाते. निळी फीत उषाबाईंनी तिला परस्पर देऊन टाकली.

समितीचे सभासदत्व सर्वांना खुले आहे; अर्ज लागत नाही. तुमची मुलगी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली असेल आणि हे वाचता वाचता तुम्ही दोनदा दाराकडे पाहिले असेल, तर तुमचे नाव आम्ही केव्हाच दाखल करून घेतले आहे. तेवढी चप्पल मात्र पायात सरकवू नका. पुलावर जमादार अजून तोच आहे, आणि द्वारका शाळेत आहे. शाळा सुटेपर्यंत तुम्हाला सोडवायला कोणी येणार नाही.