न उघडलेल्या पत्राचं मोल

कलावंताचं हस्तलिखित पत्र हा समाजाचा ठेवा असतो. तो वाचून खराब करू नये, एवढीच समाजाची अपेक्षा असते.

सक्करदऱ्याचे चित्रकार बाबाराव यांना हे वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. पारशिवनीचा त्यांचा मित्र, मूर्तिकार देवराव, चाळीस वर्षं त्यांना पत्रं लिहीत आला होता. दोघांनाही त्यात काही विशेष वाटलं नव्हतं (अज्ञान). मग पत्रवारसा संवर्धन समितीनं ती पत्रं प्रदर्शनासाठी नेली आणि रीतसर अभ्यास केला. कागद : सत्तर टक्के पिवळा. घड्या : सरासरी तीन. डाग : चहाचे एकोणीस, शाईचे अकरा, वरणाचा एक (वादग्रस्त). मजकूर : आहे.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी देवरावचं नवं पत्र आलं. पत्त्याच्या ओळी एकमेकींवर चढलेल्या.  बाबाराव पाकीट फाडणार, तोच समितीच्या सचिव मयुराताई धावल्या.

"काकाजी, थांबा! न उघडलेलं पत्र दुर्मीळ असतं. मधल्या काचेत हेच ठेवू."

"अवं पोरी, त्यानं मले लिहिलं. मी नाही वाचलं त कोण वाचणार?"

"भावी पिढ्या," मयुराताई म्हणाल्या.

बाबारावांनी भावी पिढ्यांचा क्षणभर विचार केला आणि पाकीट टराटरा फाडलं. आत दोनच ओळी. 'डोळे जाऊन राहिले गा. तुहं मुंडकं मातीत अर्धं झालं हाय. दिसते तोवर समोर येऊन बस.'

बाबाराव तसेच पारशिवनीच्या एसटीत चढले. आठ दिवस समोर बसले. शेवटी शेवटी देवराव डोळ्यांनी कमी, बोटांनीच जास्त पाहत होता. मातीचं नाक जरा डावीकडे गेलं.

"असंच हाय न गा?"

"अगदी असंच," बाबाराव म्हणाले. ते तिथंच राहिले.

समितीनं पाकिटाच्या चिंध्यांपुढे 'वाचनामुळे झालेलं नुकसान' अशी नोंद केली. प्रदर्शन गाजलं. दोन हजार लोक आले. 'आता अशी पत्रं कोणी लिहीत नाही,' असं अभिप्रायाच्या वहीत बहुतेकांनी हळहळून लिहिलं. बाबारावांनी फोनवर धरलेल्या हट्टापायी समितीनं भिंतीवर देवरावचा पत्ताही लावला होता : दोन ओळी लिहा, बाबाराव वाचून दाखवतील. पत्त्याचे फोटो पुष्कळांनी काढले. पत्र अजून एकही पोचलेलं नाही.

वाचकांपैकी कोणाला तो पत्ता हवा असल्यास व्हॉट्सअॅपवर कळवावं. फॉरवर्ड करू.